जवळचं गाव कुठलं?

मध्यंतरी आमच्या भागात एक खून झाला. कुणाचा आणि कुणी केला, ते इथे लिहीत नाही. खटला चालू आहे आणि त्या घरानं आधीच खूप सोसलंय. तिसऱ्या दिवशी मेणबत्ती मोर्चा निघाला. ‘फाशी झालीच पाहिजे’ हे फलक मराठीत होते आणि कन्नडमध्येही होते. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून जिथे डोकी फुटतात, त्या बेळगावात दोन्ही भाषांचं एकमत झालं ते दोरखंडावर. त्याच रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर आमच्या मराठी मंडळींत हाच विषय निघाला. एक निवृत्त मास्तर बायबल उघडूनच बसले होते. उत्पत्तीचा नववा अध्याय, सहावं वचन: जो माणसाचं रक्त सांडेल त्याचं रक्त माणसाच्या हातून सांडलं जाईल. समोर एक वकीलबाई. ‘मास्तर, आज्ञा तीन शब्दांची आहे. खून करू नको. त्यात पोटकलम नाही.’ मास्तर म्हणाले, ‘बाई, ती आज्ञा देणाऱ्यानंच पुढच्या पानावर खुन्याला जिवे मारा म्हणून सांगितलंय, ते पान तुमच्या प्रतीत फाटलंय का?’ दहा मिनिटांत वाद आज्ञेवरून तिच्या नंबरावर गेला. आमचे लोक पाचवी आज्ञा म्हणत होते, कुणाचे तरी मेथडिस्ट मेहुणे सहावी म्हणत होते. (दोघंही बरोबर. कॅथलिक आणि लुथरन मोजणीत मूर्तिपूजेची मनाई पहिल्या आज्ञेतच धरतात, म्हणून आपला आकडा एकनं मागे पडतो.) चहा आला, वाद तिथेच राहिला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फाशीला माझा विरोध आहे, पण तो ‘खून करू नको’ या आज्ञेतून आपोआप निघतो असं मी मानत नाही. आणि मास्तरांचं वचन खरं असलं, तरी त्यातून बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगातला फास सिद्ध होत नाही. दोघांनीही बायबलला असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर ते तुकड्यातुकड्यांत, एकमेकांना छेद देत देतं: खुन्याचं काय करायचं? खुनाबद्दल बायबलचा पहिला प्रश्न वेगळा आहे. सांडलेलं रक्त कुणाच्या दारात आहे? हा प्रश्न आपल्या सीमाभागाला जितका लागू पडतो तितका क्वचितच कुठे पडत असेल, कारण आपण सत्तर वर्षं हद्दी मोजण्यातच घालवली आहेत.

आधी त्या तीन शब्दांचं बघू. मूळ हिब्रूत ते दोनच आहेत, ‘लो तिर्त्साख’. हे क्रियापद फक्त बेकायदा, ठरवून केलेल्या खुनालाच लागतं, कायदेशीर वधाला नाही, असं फाशीचे समर्थक हमखास सांगतात. हे निम्मंच खरं आहे. बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात चुकून हातून माणूस मेला तर त्या मारणाऱ्यालाही याच धातूवरून आलेला शब्द आहे. इतकंच काय, साक्षीदारांच्या तोंडच्या पुराव्यावरून खुन्याला जिवे मारावं असं तिसावं वचन सांगतं, तिथेही क्रियापद तेच. म्हणजे कायद्यानं मारणंही त्या अध्यायात या शब्दातून सुटत नाही. वकीलबाईंची बाजूही यानं बळकट होत नाही, कारण तोच अध्याय मारायला सांगतो आहे. पण एक गोष्ट लक्षात राहते. मारणारा कोणीही असो, शब्दाला रक्ताचा वास तोच. आपण मात्र ‘शिक्षेची अंमलबजावणी’, ‘चकमक’, ‘सौम्य बळाचा वापर’ असे किती शब्द धुऊन वाळत घातलेत!

मास्तरांचं वचन कच्चं नाही, हे कबूल केलंच पाहिजे. उत्पत्ती ९:६ ही मोशेच्या नियमशास्त्रातली, एका जमातीपुरती अट नाही. जलप्रलयानंतर नोहाला, म्हणजे साऱ्या माणूसजातीला सांगितलेली ती गोष्ट आहे. वर प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र, तेरावा अध्याय: अधिकारी तलवार उगीच धरत नाही. ही वचनं रूपकं आहेत असं म्हणून सुटका करून घेणं मला अप्रामाणिक वाटतं. अमालेकाच्या लोकांना बायकापोरांसकट मारण्याची आज्ञा आहे, शब्बाथ मोडणाऱ्याला दगडमार आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात तर धन्यानं मारलेला गुलाम एकदोन दिवस जगून मेला तर धन्याला शिक्षा नाही, कारण तो त्याचाच पैसा, असं सरळ लिहिलंय. बायबलमध्ये मनुष्यजीवन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखंच पवित्र आहे असं सांगणाऱ्यानं ही पानं एकदा मोठ्यानं वाचून दाखवावीत.

पण नवव्या अध्यायातल्या त्या वचनाचा दुसरा अर्धा भाग मोर्चाच्या फलकावर कधी येत नाही. रक्त सांडू नये, ‘कारण’ देवानं माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला. हे कारण खून झालेल्याला लागू आहे तसं खुन्यालाही आहे. मेलेल्याचं प्रतिरूप तेवढं खरं आणि मारणाऱ्याचं पुसलं गेलं, असं वचन म्हणत नाही. त्याच पुस्तकात पाच पानं मागे जगातला पहिला खून आहे. काइन हाबेलाला शेतात नेऊन मारतो. त्याला काय शिक्षा होते? जमीन त्याला पीक देणार नाही, तो भटकत राहील. आणि दिसेल तो मला मारील असं काइन म्हणतो तेव्हा देव त्याच्यावर खूण करतो, ती त्याला कुणी मारू नये म्हणून. पहिल्या खुन्याला मिळालेलं हे पहिलं पोलीस संरक्षण. पुढे त्याच्याच वंशातला लामेख आपल्या बायकांसमोर फुशारकी मारतो, काइनाचा सूड सातपट तर माझा सत्त्याहत्तरपट. या वाढत्या गणिताला आळा म्हणून ‘डोळ्याबद्दल डोळा’ आलं. एका डोळ्याबद्दल एकच, दोन नाही. आज आपण ते वचन आवेशानं म्हणतो, त्याचं काम मात्र आवेशाला लगाम घालणं हे होतं.

आणि शिक्षा करायची तर कशी, तेही तिथे लिहिलंय. एका साक्षीवर कुणाला मारायचं नाही, दोन किंवा तीन हव्यात. आणि बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सतरावा अध्याय सांगतो की पहिला हात साक्षीदारांनीच उचलायचा. कल्पना करा, आमच्या मोर्चात कुणी कर्ण्यावरून विचारलं असतं, ‘फाशी मागणाऱ्यांपैकी खटका ओढायला कोण येणार?’ मेणबत्त्या तिथेच विझल्या असत्या. यहुदी धर्मशास्त्र्यांना हे ओझं कळलं होतं. इसवी सनाच्या सुमारे २०० साली संकलित झालेल्या मिश्ना या त्यांच्या नियमसंग्रहात म्हटलंय की सात वर्षांत एकाला देहदंड देणारं न्यायमंडळ घातकी समजावं. एलाझार बेन अझर्या म्हणतात, सात कसली, सत्तर वर्षांत एकाला. तार्फोन आणि अकिवा म्हणतात, आम्ही त्या मंडळात असतो तर कधीच कुणाला मारलं गेलं नसतं. हे इथेच थांबलं असतं तर वकीलबाईंची सोय झाली असती. पण लगेच पुढे शिमोन बेन गमलिएल यांचं उत्तर आहे: मग यांनी इस्राएलात खुनी वाढवले असते. मिश्ना हे उत्तर खोडत नाही, तसंच ठेवतं. मला ही पद्धत आवडते. आपल्या चर्चेत विरोधकाचं शेवटचं वाक्य असं जपून ठेवायची सवय कुणाला आहे?

तलवारीच्या वचनाबद्दल बोलायचं तर आम्हा खानापूरकरांना फार लांब जायला नको. नंदगडला १८३१ साली, २६ जानेवारीला, इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली. रीतसर. पकडलं, सरकारचा कायदा लावला, लटकवलं. लटकवणारे ख्रिस्ती होते, आणि अधिकारी तलवार उगीच धरत नाही हे वचन त्यांच्या बायबलातही होतं. आज त्या जागी लोक नमस्काराला जातात, आणि २०२१ च्या डिसेंबरात बेळगावात त्याच रायण्णाचा पुतळा फोडला गेला तेव्हा शहर पेटायचं बाकी होतं. सरकारच्या तलवारीला चूक होते, ही गोष्ट ख्रिस्ती माणसानं तरी विसरू नये. तो ज्याच्या क्रुसापुढे गुडघे टेकतो, तोही राज्यपालाच्या हुकमानं मारला गेला होता. पौलाचाही शेवट रोमी तलवारीनं झाला अशी परंपरा आहे. तलवारीबद्दल लिहिणाऱ्याची मान आणि ती तलवार यांची गाठ पडली. कॅथलिक चर्चनं २०१८ साली धर्मशिक्षणाचा मजकूर बदलून देहदंड अग्राह्य ठरवला, त्यामागे असा सगळा इतिहास आहे. बदल उशिरा झाला असं मला वाटतं. मास्तरांना तो झालाच नसता तर बरं वाटलं असतं.

आता सगळ्यात अवघड भाग. ‘तुमच्या घरातलं कुणी गेलं असतं म्हणजे कळलं असतं.’ या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे तयार उत्तर आहे त्याच्यापासून मी लांब राहतो. पलीकडे कोल्हापुरात गावित बहिणींचा खटला आमच्या पिढीनं वाचला. लेकरं पळवायची, भीक-चोरीसाठी वापरायची, नकोशी झाली की मारायची. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं फाशी कायम केली. दयेचा अर्ज इतका रेंगाळला की २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं त्या विलंबावर बोट ठेवून शिक्षा जन्मठेपेत बदलली. त्या दिवशी माझ्याही तोंडून शिवी गेली होती, आणि फाशीला विरोध करणारा मीच होतो. पण शिवी कुणाला होती, हे नंतर उमगलं. त्या दोघी जगणार याचा राग कमी आणि पंधरा वर्षांहून जास्त कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला याचा जास्त होता. त्या लेकरांची कुणाला घाई नव्हती.

हिंडलग्याचंही तसंच. पालारच्या सुरुंगस्फोटात १९९३ साली बावीस माणसं मेली. वीरप्पनच्या चार साथीदारांना म्हैसूरच्या टाडा न्यायालयानं जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली ती वाढवून फाशी केली. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपतींनी दया नाकारली तेव्हा ते चौघे आमच्या हिंडलग्यात होते. आठवडाभर शहरात दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर फास कधी, किती वाजता, याच्या पैजा. पुढच्या वर्षी, जानेवारी २०१४ मध्ये, विलंबाच्याच कारणानं न्यायालयानं ती फाशी रद्द केली. त्या दिवसांत त्या बावीस जणांपैकी एकाचं तरी नाव टपरीवर कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. दोरखंडावर नजर लागली की मेलेला माणूस दृष्टीआड होतो. फाशीबद्दल माझी खरी तक्रार ही आहे.

म्हणून मी त्या रविवारी मास्तरांना अनुवादाचा एकविसावा अध्याय काढायला सांगणार होतो, तेवढ्यात चहा आला. तो आता इथे काढतो.

पण त्याआधी एक दृश्य. नव्वदच्या दशकात मी कॉलेजात होतो. चंदगडकडच्या एका नातेवाइकांकडून बेळगावला परत येत होतो. हद्दीजवळच्या एका फाट्यावर एसटीची वाट बघत सातआठ जण उभे होतो, एक म्हातारी तोंडाला पदर लावून. रस्त्याच्या कडेला, उसाच्या बांधाशी, गोणपाटाखाली एक मेलेला माणूस होता. बाहेर दिसत होता तो फक्त एक पाय, त्यात निळ्या पट्ट्याची स्लिपर, पट्टा तुटलेला आणि तारेनं बांधलेला. डोक्यात काहीतरी घातलं होतं म्हणे. दोन पोलीस होते, एक इकडच्या ठाण्याचा, एक तिकडच्या. त्यातला एक हद्दीच्या दगडापासून ढांगा टाकत गोणपाटापर्यंत आला. आकडा जुळला नाही म्हणून पुन्हा दगडापाशी गेला आणि या वेळी जरा लांब ढांगा टाकत आला. दुसरा विडी ओढत म्हणाला, ‘अहो, नीट मोजा की, तुमच्याकडंच येतंय ते.’ माशा घोंगावत होत्या. पंचनाम्याचा कागद दोघांच्याही हातात होता आणि दोघांचाही कोरा होता.

आता अध्याय. शेतात कुणाचं तरी प्रेत सापडलं आणि कुणी मारलं ते ठाऊक नसेल, तर वडील, म्हणजे गावची वडीलधारी मंडळी, आणि न्यायाधीश यांनी बाहेर यावं आणि प्रेतापासून भोवतालच्या गावांची अंतरं मोजावीत. जे गाव सगळ्यात जवळचं, त्या गावच्या वडिलांनी कधी जुंपली नाही अशी कालवड घ्यावी, जिथे नांगर-पेरणी होत नाही अशा वाहत्या पाण्याच्या खोऱ्यात न्यावी, तिथे तिची मान मोडावी, तिच्यावर हात धुवावेत आणि म्हणावं: आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी ते पाहिलं नाही, या निर्दोष रक्ताचा दोष तुझ्या लोकांवर राहू देऊ नकोस. कालवडीचं मला वाईट वाटतं, ते असो. पण मोजपट्टी बघा. मोजणी तिथेही आहे आणि फाट्यावरही होती. फाट्यावर ती प्रेत दुसऱ्याच्या अंगणात ढकलायला होती. अनुवादात ती आपल्या अंगणात ओढून घ्यायला आहे. मेलेला कोण, कुठल्या भाषेचा, कुठल्या गावचा, हे कुणी विचारत नाही. जवळचं गाव कुठलं, एवढंच.

याहून जुना हम्मुराबीचा कायदा घ्या. दरोडेखोर सापडला नाही तर लुटलेल्याला शहरानं भरून द्यावं, जीव गेला असेल तर शहरानं आणि तिथल्या प्रमुखानं नातेवाइकांना एक मीना चांदी द्यावी. हे वाईट नाही. खरं सांगायचं तर आजच्या सानुग्रह अनुदानाहून चोख आहे. पण चांदी दिली की खातं बंद. गणना ३५:३१ मात्र ठरवून खून करणाऱ्याच्या जिवाबद्दल खंडणी घ्यायलाच मनाई करतं. जीव विकत देता येत नाही, कारण तो कुणाच्या मालकीचाच नाही. खून ‘मिटवण्याची’ आपल्याकडची पद्धत ज्यानं जवळून पाहिली आहे, दोन्हीकडचे चार शहाणे, बंद खोली आणि मधे पिशवी, त्याला या मनाईची धार कळेल.

अपघाती मरणालाही तिथे नियम आहेत. गच्चीला कठडा बांध, नाहीतर कुणी पडलं तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर. बैल मारका आहे हे सांगूनही मालकानं बांधला नाही आणि त्यानं माणूस मारला, तर बैलाबरोबर मालकही दोषी. इथे मात्र खंडणी भरून जीव वाचवायची मुभा आहे. ऊसतोडीच्या हंगामात निपाणी-चिकोडीच्या रस्त्यांवर रात्री दोनदोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर टेप फुल्ल आवाजात. दुचाकीवरचं पोरगं मागून आत घुसतं, आणि दर हंगामात कुणाच्या तरी दारात टाहो फुटतो. तो ट्रॉलीवाला मारक्या बैलाचा मालक नाही तर कोण? त्याच्यासाठी मेणबत्ती मोर्चा निघालेला कुणी पाहिलाय?

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. गावावर जबाबदारी टाकायची ही कल्पना सीमाभागात फार महागात पडेल. एकानं खून करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या भाषेच्या, त्याच्या जातीच्या, त्याच्या धर्माच्या सगळ्यांची दुकानं फोडायची, हे आपण करतोच. बसवर काळं फासायचं, पलीकडच्यांनी मग आपली बस अडवायची. चालकाचा काय गुन्हा? सामूहिक दोषाची चटक लागलेल्या समाजाच्या हाती आणखी एक वचन कशाला द्या? पण अनुवादाचा अध्याय नीट वाचला तर उलटं दिसतं. तिथे कुणी दुसऱ्या गावाकडे बोट दाखवत नाही. वडील स्वतः येतात, मोजणीचा निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी मानतात, आणि हात धुतात ते आपलेच. त्याच पुस्तकात तीन अध्याय पुढे स्पष्ट लिहिलंय की मुलांच्या पापासाठी बापांना आणि बापांच्या पापासाठी मुलांना मारू नये. हम्मुराबीकडे घर कोसळून मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याचा मुलगा मारायचा, तसं इथे नाही. शिक्षा ज्याची त्याला. जबाबदारी मात्र जो जवळ होता त्यानं आपणहून उचलायची. आपण नेमकं उलटं करतो. शिक्षा सगळ्यांना वाटतो आणि जबाबदारी कुणीच घेत नाही.

दुसरा आक्षेप वकीलबाईंचा असेल: देश राज्यघटनेवर चालतो, बायबलवर कशाला? बरोबर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुणाचीही असो, गुन्ह्याची खबर लिहून घ्यावी अशी तरतूद आहे, तिलाच लोक झिरो एफआयआर म्हणतात. त्याच दिवसापासूनच्या न्याय संहितेत पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, जन्मस्थान किंवा भाषेच्या कारणावरून केलेल्या खुनाचं वेगळं पोटकलम आहे. भाषेच्या कारणावरून! आमच्यासाठीच लिहिल्यासारखं. कायदा आता त्या फाट्यावरच्या हवालदाराला ढांगा टाकू देत नाही. पण तिथे सातआठ जण उभे होते, त्यांना काय सांगतो? आणि बायबल नको असेल तर इथल्याच मातीतलं घ्या. बाराव्या शतकात बसवण्णांनी ‘कळबेड, कोलबेड’ म्हटलं, चोरू नको, मारू नको. इकडच्या कन्नड शाळेत गेलेल्या मराठी पोरालाही ते पाठ असतं, आणि पाठच राहतं.

रक्त आपलं आणि रक्त परकं हा भेद आमच्याकडे तारखांनी जपलाय. १७ जानेवारीला आम्ही १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांना फुलं वाहतो, १ जूनला १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गेलेल्यांना. त्यांचं स्मारक हिंडलग्यातच आहे, तुरुंग ज्या गावात आहे तिथेच. मीही जातो, जात राहीन, ती माणसं आमची होती आणि त्यांच्या मरणाचा न्याय झालेला नाही. पण ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडात कन्नड संशोधक कलबुर्गी सरांना त्यांच्या दारात गोळी घातली, तेव्हा आमच्या किती मराठी मंडळांनी सभा घेतली? त्याच वर्षी फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा कन्नड संघटनांनी? दोन शहरांच्या मधे आम्ही बसलोय. मोजपट्टी लावली तर दोन्ही प्रेतांना आम्ही जवळ होतो. हाबेलाच्या गोष्टीत हिब्रूत ‘रक्त’ अनेकवचनी आहे, तुझ्या भावाची रक्तं ओरडताहेत. मिश्ना त्यावरून म्हणतं की एकाला मारणारा त्याच्यापुढच्या साऱ्या वंशाला मारतो, एक अख्खं जग मारतो. कुराणाच्या पाचव्या सूऱ्यात हाच विचार येतो, इस्राएलाच्या वंशजांचा उल्लेख करून. इतक्या ठिकाणी लिहिलेली गोष्ट कुणाला नवी नाही. अडचण ‘तुझ्या भावाची’ या शब्दापाशी आहे. काइनानं उलट विचारलं होतं, मी काय त्याचा राखणदार? येशूला क्रुसावर द्यायच्या वेळी रोमी राज्यपाल पिलातानं हात धुतले तेही त्याच सुरात. वडिलांनी धुतलेले हात आणि पिलातानं धुतलेले हात, पाणी तेच, पण वडील आधी प्रेतापर्यंत चालत गेले होते.

त्या वडिलांच्या शपथेवर मिश्नाच्या सोटा भागात एक प्रश्न आहे. गावच्या वडिलांनी खून केला असेल असा संशय तरी कुणाला येईल का? मग ‘आमच्या हातांनी रक्त सांडलं नाही’ हे का म्हणायचं? उत्तर असं: तो आमच्या दारी आला आणि आम्ही त्याला जेवण न देता लावून दिलं, असं झालं नाही. आम्हाला तो दिसला आणि आम्ही त्याला सोबतीशिवाय सोडला, असं झालं नाही. शपथ याची आहे. पुढे तिथेच म्हटलंय की खुनी वाढले तेव्हा कालवडीचा विधी बंद पडला.

फाट्यावरच्या त्या म्हातारीबद्दल सांगायचं राहिलं. ती माझ्या शेजारी उभी होती. स्लिपरकडे बघून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, ‘काल सांजचं दारात आलता. ताक मागत हुता. मी म्हटलं, नाही बाबा, फुडं जा.’ थोड्या वेळानं विडीवाला पोलीस आमच्याकडे वळला आणि विचारलं, याला कुणी ओळखता का, कुठं बघितलं होतं का. म्हातारीनं मान हलवली, नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. एसटी आली, खिडकीची जागा मिळाली.